बर्फ सुटला, पण हंगाम कोणाचा?

अमेरिकेच्या उत्तर सीमेवरील मिनेसोटा राज्यात मे महिन्यातील एक शनिवार जवळजवळ सणासारखा पाळला जातो. ‘वॉलआय’ नावाच्या माशाच्या शिकारीचा हंगाम त्या दिवशी खुला होतो. हा मासा १९६५ पासून त्या राज्याचे मानचिन्ह आहे. राज्याचे गव्हर्नर स्वतः होडीत बसून गळ टाकतात. ही प्रथा १९४८ पासून चालत आली आहे. शिक्षक, कारकून, कामगार, शेतकरी असे सर्व थरांतील लोक त्या पहाटे होड्या घेऊन सरोवरांकडे निघतात. काठावरची विश्रामगृहे, आमिष विकणारी दुकाने, होड्या भाड्याने देणारे छोटे व्यावसायिक यांच्या उन्हाळी मिळकतीचा श्रीगणेशा त्याच दिवशी होतो.

हा दिवस ठरतो तो मात्र निसर्गाकडे पाहून नव्हे. मे महिन्याचा शेवटचा सोमवार तेथे ‘मेमोरियल डे’ म्हणून पाळतात. त्याच्या आदल्या शनिवारपासून दोन आठवडे मागे मोजले, की हंगामाचा पहिला दिवस मिळतो. म्हणजे तो नेहमी ९ ते १५ मे यांच्या दरम्यान येतो. पंचांगाच्या दृष्टीने हा हिशेब निर्दोष आहे. अडचण एवढीच, की सरोवरावरचा बर्फ पंचांग पाहून वितळत नाही.

२०१३ साली हंगामाचा पहिला दिवस ११ मे हा होता. त्या दिवशी राज्याच्या मध्यभागी असलेल्या मिल लॅक्स या विस्तीर्ण सरोवरावर अजून बर्फ होता. इतकेच नव्हे, तर त्याच दिवशी सुटलेल्या जोरदार वाऱ्याने तो बर्फ काठावर लोटला आणि त्याचे ढीग किनाऱ्यावरील घरांच्या दारांखिडक्या फोडून आत शिरले. याउलट २०२३-२४ चा हिवाळा हा त्या राज्याच्या नोंदींतील सर्वांत उबदार हिवाळा ठरला आणि अनेक सरोवरे मार्च महिन्यातच मोकळी झाली. एका वर्षी हंगाम उघडूनही पाणी दिसत नाही. दुसऱ्या वर्षी पाणी डोळ्यांसमोर असूनही हंगाम उघडण्यास कित्येक आठवडे अवकाश असतो. दूरदेशीच्या हौशी मच्छीमारांची ही गैरसोय म्हणून आपण या गोष्टीकडे दुर्लक्ष करू शकलो असतो. परंतु जी संपत्ती कोणा एकाची नसते आणि जी प्रत्येकाला हवी असते, तिचा उपभोग कोणी, केव्हा आणि किती घ्यावा, हा अर्थशास्त्रातील एक अत्यंत अवघड प्रश्न या बर्फाखाली दडलेला आहे. म्हणूनच त्याचा थोडा विस्ताराने विचार करावयास हवा.

पाण्याचा स्वभाव

सरोवर हिममुक्त झाले असे केव्हा म्हणावयाचे, यावरही तेथे एकवाक्यता नाही. कोठे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत होडी विनाअडथळा जाऊ शकली म्हणजे बर्फ सुटला असे मानतात. कोठे पृष्ठभागाचा नव्वद टक्के भाग मोकळा झाला की तशी नोंद करतात. अशा नोंदी ठेवण्याची परंपरा मात्र जगात जुनी आहे. जपानमधील सुवा सरोवर केव्हा गोठले याची नोंद तेथील शिंतो पुजाऱ्यांनी १४४३ पासून ठेवली आहे. फिनलंड आणि स्वीडन यांच्या सीमेवरील टॉर्ने नदीचा बर्फ केव्हा फुटला याच्या नोंदी १६९३ पासून उपलब्ध आहेत. अलास्कातील नेनाना या गावी तर १९१७ पासून नदीचा बर्फ कोणत्या दिवशी, कोणत्या मिनिटाला फुटेल यावर पैजा लागतात. धर्म, व्यापार आणि जुगार अशा तीन भिन्न प्रेरणांनी ठेवलेल्या या नोंदी आज एकच साक्ष देत आहेत : बर्फ उशिरा धरतो आणि लवकर सुटतो. ही वाटचाल सरळ रेषेत होत नाही. २०१३ सारखे वर्ष मध्येच येते आणि अंदाज चुकवते. पण एकंदर कल कोणीकडे आहे, याविषयी संशय उरलेला नाही.

बर्फ सुटल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत पाण्यात काय घडते, हे समजून घेतल्याखेरीज पुढील वाद कळणार नाही. पाणी सर्वांत जड असते ते चार अंश सेल्सियसला. बर्फ त्याहून हलका म्हणून तो वर तरंगतो आणि खालचे पाणी गोठण्यापासून वाचते. वसंतात पृष्ठभागाचे पाणी चार अंशांपर्यंत तापले की ते जड होऊन खाली जाते, खालचे वर येते आणि वाऱ्याच्या साहाय्याने सारे सरोवर तळापर्यंत ढवळून निघते. हिवाळाभर कोंडलेल्या तळाला त्यामुळे प्राणवायू मिळतो. त्यानंतर उथळ, काळसर तळाच्या आणि सूर्याकडे तोंड असलेल्या खाड्या आधी उबदार होतात. पाणी सहा ते दहा अंशांच्या दरम्यान आले, की वॉलआय मासे रात्रीच्या वेळी ओढ्यांच्या मुखांशी आणि खडकाळ उथळ किनाऱ्यांशी अंडी घालण्यासाठी गोळा होतात. मोठी मादी एक लाखाहून अधिक अंडी घालते. पण घरटे नाही आणि राखणही नाही. अंडी टाकून माद्या खोल पाण्याकडे वळतात आणि काही काळ मंदावतात. नर मात्र त्या जागी रेंगाळतात. म्हणूनच या दिवसांत जाणता मच्छीमार लहान आमिष घेतो आणि ते अगदी सावकाश, तळालगत ओढतो.

याच पाण्यात माणसालाही धोका असतो. हवा उबदार, ऊन प्रसन्न. परंतु होडीखालचे पाणी नुकते बर्फातून सुटलेले. मॅनिटोबा विद्यापीठातील गॉर्डन गिसब्रेख्ट यांनी या धोक्याचे साधे सूत्र सांगितले आहे : थंड पाण्यात पडलेल्या माणसाला श्वास ताब्यात आणण्यासाठी एक मिनिट, हातपाय उपयोगी पडण्यासाठी सुमारे दहा मिनिटे आणि शुद्ध हरपण्यापूर्वी साधारण एक तास मिळतो. पट्टीचा पोहणारासुद्धा पहिल्याच धक्क्याने घुसमटून बुडू शकतो. काठावरचे लाकडी धक्के हिवाळ्यात काढून ठेवलेले, जवळपास दुसरी होडी क्वचित, पाण्यात बर्फाचे तुकडे आणि वाहून आलेले ओंडके. अशा स्थितीत लाइफ जॅकेट होडीत असून भागत नाही. ते अंगात असावे लागते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने यातील महत्त्वाची गोष्ट अशी, की वर्षातील हे मोजके आठवडे असे असतात, की मासा कोठे सापडेल हे सर्वांना ठाऊक असते आणि तो तेथे दाटीने सापडतो. पकडण्याचा खर्च सर्वांत कमी, म्हणून मर्यादा ओलांडण्याचा मोह सर्वांत मोठा.

दोन कुलपे

या मोहाला आजवर दोन कुलपे होती. एक निसर्गाचे आणि एक कायद्याचे. हिवाळ्यात जाड बर्फावर झोपड्या उभारून, भोके पाडून मासेमारी करण्याची तेथे मोठी प्रथा आहे. कायदा फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी वॉलआयचा हंगाम बंद करतो. त्यानंतर बर्फ पातळ होऊ लागतो. त्यावर चालता येत नाही आणि त्यातून होडीही वल्हवता येत नाही. बर्फ सुटून मासे अंडी घालतात, तोच मे उजाडतो आणि हंगाम उघडतो. कायद्याला स्वतःच्या बळावर फार थोडे दिवस पहारा करावा लागे; बाकीचे काम बर्फ करी.

बर्फ मार्चअखेरीस किंवा त्याही आधी सुटू लागला, की हे निसर्गाचे कुलूप अकाली निखळते आणि सारा भार कायद्याच्या कुलपावर येतो. मोकळे पाणी दिसत असताना हंगाम बंद का, असा प्रश्न मच्छीमाराला पडणे स्वाभाविक आहे. तारीख अलीकडे आणावी, हे उत्तर सुचणेही तितकेच साहजिक आहे. पण ते उत्तर चुकीचे ठरेल. विस्कॉन्सिन विद्यापीठातील सरोवर-शास्त्रज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अनेक सरोवरांच्या अनेक दशकांच्या नोंदी तपासल्या आहेत. बर्फ ज्या वेगाने अलीकडे सरकतो आहे, त्या वेगाने माशांचा विणीचा काळ सरकत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. अंड्यांतून निघालेल्या पिलांना लागणारे सूक्ष्म जीव एका वेळी वाढतात आणि पिले दुसऱ्या वेळी जन्मतात. ताट वाढले जाते तेव्हा पंगत बसलेली नसते. पंगत बसते तेव्हा ताट उचललेले असते. म्हणजे ज्या वर्षी पाणी लवकर मोकळे होते, त्याच वर्षी माशांची नवी पिढी दुबळी निपजण्याचा संभव अधिक. अशा वर्षी हंगाम लवकर उघडणे म्हणजे उत्पन्न घटलेले असताना खर्च वाढविणे होय.

तहाचा हक्क

परंतु या सरोवरांवर कायद्याचे कुलूप एकट्या मिनेसोटा राज्याचे नाही. १८३७ साली ओजिब्वे या मूळ रहिवाशांनी अमेरिकेच्या केंद्र सरकारशी तह करून आजच्या मिनेसोटाचा व विस्कॉन्सिनचा मोठा भूप्रदेश देऊन टाकला. मात्र त्या प्रदेशात शिकार करण्याचा, मासे पकडण्याचा आणि सरोवरांतील रानभात गोळा करण्याचा हक्क राखून ठेवला. मिनेसोटा हे राज्य म्हणून अस्तित्वात आले ते १८५८ साली, म्हणजे तहानंतर एकवीस वर्षांनी. पुढे दीर्घकाळ राज्याने हा हक्क जणू अस्तित्वातच नाही असे धरून कारभार केला. मिल लॅक्सच्या ओजिब्वेंनी १९९० साली न्यायालयात धाव घेतली आणि २४ मार्च १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मताधिक्याने त्यांचा हक्क शाबूत असल्याचा निर्णय दिला. निकालपत्र न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी लिहिले.

ओजिब्वे आपला हक्क बजावतात तो मुख्यतः बर्फ सुटताच, विणीच्या दिवसांत, जाळ्याने किंवा भाल्याने. त्यांचा हंगाम मे महिन्यातील शनिवारी नव्हे, तर बर्फ जाईल त्या रात्री सुरू होतो. हौशी मच्छीमार काठावर तारखेची वाट पाहत असताना शेजारी जाळी पडलेली पाहून त्याला राग येतो. विस्कॉन्सिनमध्ये १९८३ च्या न्यायालयीन निर्णयानंतर हा राग इतका पेटला, की त्या दशकाच्या अखेरीस वसंतातील रात्री होड्या पाण्यात सोडण्याच्या जागी जमाव गोळा होत, दगडफेक होई आणि वंशद्वेषाच्या गलिच्छ घोषणा दिल्या जात. भाल्याने अंड्यांवरची मादी मारली जाते, मासा नामशेष होईल, असा आंदोलकांचा दावा होता. १९९१ साली केंद्र सरकारच्या पुढाकाराने झालेल्या पाहणीत तो दावा टिकला नाही. सरोवरांतील माशांची स्थिती ओजिब्वेंच्या मासेमारीमुळे खालावलेली नाही, असे आढळले. भाल्याला सापडणारे बहुतेक मासे रेंगाळणारे नरच असतात. शिवाय जानेवारीत बर्फाच्या भोकातून काढलेली मादीही एप्रिलमध्ये अंडी घालणार नसते. मासा कोणत्या महिन्यात आणि कोणत्या साधनाने काढला यापेक्षा एकूण किती काढले, हा खरा प्रश्न आहे. भाल्याने मारलेला प्रत्येक मासा धक्क्यावर मोजला जातो. गळाने मारलेल्या माशांचा मात्र अंदाज बांधावा लागतो. ज्याची मोजदाद होते त्याच्यावर ठपका आणि ज्याची होत नाही त्याला मोकळीक, हा न्याय अन्य क्षेत्रांतही आपल्या परिचयाचा आहे.

त्यागाची वाटणी

मिल लॅक्सचे सरोवर सुमारे १ लाख ३२ हजार एकरांचे, म्हणजे आपल्या नाथसागराहूनही विस्ताराने मोठे आहे. त्यातून वर्षाला किती पौंड वॉलआय काढावयाचा, हे राज्य आणि ओजिब्वेंचे आठ समूह मिळून ठरवितात. २०१२ साली ही मर्यादा ५ लाख पौंडांची होती. २०१३ साली ती अडीच लाखांवर, २०१४ साली ६० हजारांवर आणि २०१५ साली ४० हजारांवर आली. त्यांपैकी राज्याचा वाटा २८,६०० पौंडांचा. तो संपल्याने ऐन उन्हाळ्यात, ३ ऑगस्ट २०१५ रोजी, वॉलआयची मासेमारी बंद करावी लागली. २०१६ साली तर पकडलेला प्रत्येक वॉलआय परत पाण्यात सोडण्याचे बंधन आले. त्यानंतरच्या वर्षांत मर्यादा व नियम सरोवराच्या स्थितीप्रमाणे पुन्हा पुन्हा बदलत आले आहेत.

या घसरणीचे कारण कोणा एका जमातीची जाळी हे नव्हते. झीब्रा शिंपले आणि काटेरी जलपिसू हे परके जीव सरोवरात शिरले. पाणी अधिक पारदर्शक झाले आणि मंद उजेडात उत्तम पाहणाऱ्या वॉलआयचा फायदा घटला. थंड पाण्यावर जगणारे त्याचे भक्ष्य मासे उबदार उन्हाळ्यांत कमी झाले. अंड्यांतून पिले निघत होती, पण मोठी होईपर्यंत टिकत नव्हती. विश्रामगृहाच्या मालकाला हे कारण पटले तरी त्याचे कर्ज फिटत नाही. त्याचे नुकसान खरे आहे आणि त्याची उपेक्षा करून कोणताही नियम टिकणार नाही. उन्हाळ्याच्या गरम पाण्यात सोडून दिलेले मासेही पुष्कळ प्रमाणात मरतात आणि ते राज्याच्या वाट्यातून वजा होतात. थंड पाण्यात हेच प्रमाण कमी असते. म्हणजे हंगामाची तारीख, पाण्याचे तपमान आणि दुकानदाराचा गल्ला या तीन गोष्टी एकाच साखळीच्या कड्या आहेत.

स्कॉट गॉर्डन या कॅनेडियन अर्थशास्त्रज्ञाने १९५४ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले होते, की मुक्तद्वार मत्स्यक्षेत्रात प्रत्येक जण वैयक्तिकदृष्ट्या शहाणपणानेच वागतो आणि तरीही सर्वांचा नफा शून्यावर येतो. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली यावर उपाय सुचविले ते खाजगी मालकीचे किंवा परस्परसंमत सक्तीचे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० सालच्या आपल्या ग्रंथात जगभरचे दाखले देऊन तिसरी वाट दाखविली : उपभोग घेणाऱ्यांनीच नियम करावे, एकमेकांवर नजर ठेवावी आणि परिस्थितीप्रमाणे नियम बदलावे. या कार्यासाठी २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ही वाट केवळ पुस्तकी नाही, याचा दाखला मिनेसोटातच आहे. तेथील सर्वांत मोठे सरोवर रेड लेक. अतिरिक्त मासेमारीमुळे १९९० च्या दशकाच्या मध्यास तेथील वॉलआय जवळजवळ संपला. ओजिब्वेंच्या रेड लेक समूहाने १९९७ साली आपली व्यापारी मासेमारी स्वतःहून थांबविली. १९९९ साली त्यांनी आणि राज्याने करार करून संपूर्ण बंदी स्वीकारली, पिले सोडली आणि वाट पाहिली. २००६ साली हंगाम पुन्हा उघडला, तेव्हा मासा परत आला होता. बंदी यशस्वी झाली, कारण ती दोघांनीही सोसली. एकाने उपास करावयाचा आणि दुसऱ्याने जेवावयाचे, असा तो करार नव्हता.

आपल्या कोकण किनाऱ्याशी याचे नाते दूरचे नाही. पावसाळ्यात खवळलेला दर्या हेच आपले निसर्गदत्त कुलूप होते. नारळी पौर्णिमेला कोळी बांधव नारळ अर्पण करून ते विधिपूर्वक उघडीत. यांत्रिक नौका आल्या, त्या खवळलेल्या दर्यातही जाऊ लागल्या आणि ते कुलूप सैल झाले. तेव्हा १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम आणि पावसाळी बंदी यांची गरज भासली. आज पश्चिम किनाऱ्यावर केंद्र सरकारची बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची आहे. नारळी पौर्णिमा बहुधा ऑगस्टमध्ये येते. तेथे तापमानाने जे केले, ते येथे यंत्राने केले. दोन्हीकडे निसर्गाचा पहारा उठला आणि माणसाच्या आत्मसंयमावर भिस्त आली.

तारखा आवश्यक असतात. प्रशासनाला त्यांच्यावाचून चालत नाही. परंतु तारीख ही नियमाची सोय आहे, नियमाचा हेतू नव्हे. पाण्याचे तपमान, विणीची प्रत्यक्ष स्थिती आणि काढलेल्या माशांची प्रामाणिक मोजदाद यांवर जो हंगाम ठरेल, तोच बदलत्या काळात टिकेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, टंचाईच्या वर्षी झळ कोणी सोसावयाची याचा निवाडा सुकाळातच करून ठेवावयास हवा. टंचाई आल्यावर प्रत्येकाला आपला हक्क आठवतो आणि दुसऱ्याचे जाळे दिसते. बर्फ केव्हा सुटेल हे आता कोणी सांगू शकत नाही. म्हणूनच माणसामाणसांमधील शब्द तरी सुटता कामा नये.